पाच हजार जावई

अधिक महिन्यात जावयाला बोलावून तुपात बुडवलेले पुरणाचे धोंडे खाऊ घालायची आपल्याकडं रीत आहे. त्या साली अधिक महिना ज्येष्ठात आला. म्हणजे ऐन मे महिन्यात. मी राहतो बुलढाण्याला, घाटावर. इथं उन्हाळ्यातही रात्री चादर लागते असं आम्ही पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे घाम पुसत ऐकून घेतात. सासुरवाडी घाटाखाली, नांदुरा तालुक्यात, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात. राजूर घाट उतरला की हवा बदलते. मोताळा येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटतो, आणि नांदुऱ्याचा 105 फुटी मारुती दिसेपर्यंत नास्तिक माणूससुद्धा नामस्मरणाला लागतो.

धोंडे झाले, तूप झालं. दुपारी आडवा व्हायला आतल्या खोलीत गेलो आणि वर पाहिलं. छताला पंख्याचा हूक होता. पंखा नव्हता. कोपऱ्यात कूलर असायचा, तिथं फरशीवर चौकोनी डाग होता.

"पंखा कुठं गेला?"

"शेडात नेला," सासूबाई म्हणाल्या. "पाखराइले लई ऊन लागते, जवाईबुवा."

"आणि कूलर?"

"कूलरबी."

"आणि मी?"

"तुमाले घाम तरी येते. त्याइले घामच नाई येत ना बाप्पा."

राग येण्याचं खरं कारण हे की त्यांचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या अंगाचं तापमान मुळात 41-42 अंश. आमच्या घाटाखाली मे महिन्यात हवेचा पाराही तिथंच असतो, कधी त्याच्या वर. अशा वेळी ती पंख फाकवते, चोच उघडी टाकून धापा घेते, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर पाय वर करते. जावई पाय वर करत नाही, फार तर तोंड वाकडं करतो. आणि तोंड वाकडं केल्यानं कुणाचं बँकेचं कर्ज थकत नाही. तेव्हा मला उमगलं की या घरात आता मी एकटा जावई नाही. माझ्याखेरीज आणखी पाच हजार आहेत, आणि मानपान नात्यानं ठरत नाही, किलोवर ठरतो.

सोयाबीन आणि कपाशीनं दोन-तीन हंगाम ठेंगा दाखवला की आमच्याकडचा तरुण तीन गोष्टींचा विचार करतो: पोलीस भरती, राजकारण आणि पोल्ट्री. माझ्या मेव्हण्याची भरतीला उंची कमी पडली आणि राजकारणाला आवाज. उरली पोल्ट्री. सरकारच्या नाविन्यपूर्ण योजनेत हजार मांसल पक्ष्यांच्या शेडसाठी अर्थसहाय्य मिळतं, सर्वसाधारण गटाला निम्मं आणि अनुसूचित जाती-जमातींना पाऊण. मेव्हण्यानं अर्ज आणला, वाचला आणि घडी घालून ठेवून दिला. "भाऊजी, हजार पक्ष्यांसाठी व्यापाऱ्याची गाडी गावात वळतसुद्धा नाही. टाकायचं तर पाच हजारांचं." हजाराला मिळणाऱ्या मदतीपेक्षा पाच हजारांचं कर्ज त्याला जास्त मर्दानी वाटलं असावं.

मग शेडची दिशा ठरवायची वेळ आली.

सासऱ्यांच्या वडिलांनी राहतं घर बांधलं तेव्हा दिशेचा विचार कुणी केला नव्हता. रस्ता पश्चिमेला होता म्हणून दार पश्चिमेला ठेवलं. दुपारी चारला ऊन सरळ दारातून आत येतं आणि चुलीपर्यंत जाऊन बसतं. त्या घरात तीन पिढ्या भाजून निघाल्या, कुणी ब्र काढला नाही. पण कोंबड्यांच्या घरासाठी मला खास फोन आला, कारण मी शाळेत भूगोल शिकवतो.

"भाऊजी, पूर्व नक्की कुठं असते?"

हा प्रश्न इतक्या तळमळीनं मला वर्गात कधी कुणी विचारलेला नव्हता. मी गहिवरून उत्तर दिलं. सूर्य बरोबर पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. आपलं गाव साधारण एकवीस अक्षांशाला, त्यामुळं मेच्या शेवटाकडं भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. म्हणून शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची. सूर्य आढ्यावरून चालत जातो, बाजूच्या जाळीतून आत डोकावत नाही. हिवाळ्यात दक्षिणेकडून तिरपं ऊन थोडं आत शिरतं, ते चांगलंच. फोनवर भागेना म्हणून गावी जाऊन मी मातीत काठीनं आकृती काढली. सगळे माना डोलावत होते. शेवटी सासरे म्हणाले, "ते समदं बरोबर हाये. पण पूर्व बाभळीकडं का लिंबाकडं?"

लिंबाकडं होती.

तरीही सासूबाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी मलकापुराहून एक वास्तुतज्ज्ञ बोलावले. ते आले, होकायंत्र काढलं, डोळे मिटले, उघडले.

"प्रवेश ईशान्येकडून हवा. रहिवासी किती?"

"पाच हजार," मेव्हणा म्हणाला.

तज्ज्ञांनी चष्मा सारखा केला. "एकत्र कुटुंब?"

"बॉयलर."

"असं, असं. तरी कर्त्याची रास कळली असती तर..."

"रास नाही माहीत महाराज. रस्सा होतो एवढं माहीत आहे."

तज्ज्ञांनी दक्षिणा घेतली आणि शेडच्या आग्नेयेला काहीतरी पेटतं ठेवा असं सांगून गेले. पुढं त्याच कोपऱ्यात पिल्लांना ऊब द्यायची कोळशाची शेगडी आली, त्यामुळं शास्त्र खोटं पडलं असं कुणाला म्हणता येत नाही.

गवंड्याचा प्रश्न वेगळा होता. त्यानं आयुष्यभर घरं, देवळं आणि मोऱ्या बांधल्या होत्या. कोंबडीच्या शेडाला भिंत फूट-दीड फूटच घालायची आणि त्यावर छपरापर्यंत जाळी, हे त्याच्या गळी उतरेना.

"खिडक्या कुठं ठेवू?"

"समदी खिडकीच आहे, मिस्तरी."

"मंग भिंत कुठं ठेवू?"

रुंदी तीस फुटांच्या पुढं न्यायची नाही, नाहीतर वारा मधेच दमतो आणि मधल्या कोंबड्यांना हवा मिळत नाही. लांबी मात्र हवी तेवढी वाढवा. एका पक्ष्याला उघड्या शेडात साधारण एक चौरस फूट, उन्हाळ्यासाठी थोडी जास्त. मेव्हण्यानं हिशेब करून तीस बाय एकशे ऐंशी ठरवलं. मधे आढं बारा-चौदा फूट उंच, आणि छपराच्या वळचणी दोन्हीकडं तीन-चार फूट बाहेर, म्हणजे पावसाची झड आत येत नाही. शिवाय आमची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला इतक्या भेगा पडतात की त्यात चप्पल गेली तर पोराला उतरवावं लागतं. म्हणून पाया खोल नेऊन मुरूम भरला आणि जोतं जमिनीपासून हातभर वर उचललं. सासरे रोज संध्याकाळी येऊन त्या जोत्यावर बसायचे. वारा छान लागायचा. एकदा म्हणाले, "आपलं घर असं बांधलं असतं तं?" मेव्हणा म्हणाला, "बाबा, घरात काय पैसे वाढतात?" विषय संपला.

छपरावरून मात्र गावात दोन तट पडले. पत्र्याचं टाका म्हणणारे आणि सिमेंटचं टाका म्हणणारे. पत्रा तापतो, सिमेंट फुटतं. निकाल लागेना तेव्हा सिमेंटचे पत्रे टाकून वरून चुन्याचा पांढरा हात दिला. उन्हाळ्यात त्यावर तुराट्या आणि पऱ्हाट्या पसरल्या आणि त्यावर पाण्याचे फवारे बसवले. सासूबाईंच्या चुलीला त्या वर्षी जळण मिळालं नाही. सगळी तुराटी कोंबड्यांच्या डोक्यावर होती.

आता पाणी. खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी म्हणजे खारट, जड. सासऱ्यांनी हेच पाणी पिऊन सत्तरी गाठली. याच पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून सासूबाईंनी आयुष्यभर डाळीला शिव्या दिल्या. कुणी कधी त्याचा नमुना तपासायला पाठवला नव्हता. कोंबड्या येणार म्हटल्यावर पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत गेला, अहवाल आला आणि शेडाला शुद्ध पाण्याचं यंत्र बसलं. गंमत म्हणजे आता घरचे लोक हंडा घेऊन शेडावर जातात. पाहुण्यांना पाणी देताना सासूबाई अभिमानानं सांगतात, "पाखराइचं पाणी हाये. प्या बिनधास्त."

पिल्लं यायची रात्र मी विसरणार नाही. गाडीवाल्याला मेव्हणा फोनवर रस्ता सांगत होता: "मारुतीपासून वळा. हो हो, तोच मोठा मारुती. दुसरा कोणता दिसतोय तुम्हाला?" गाडी आली. पुठ्ठ्याच्या खोक्यांत शंभर-शंभर पिल्लं, एकेक जेमतेम चाळीस ग्रॅमचं, पिवळंधमक, एका दिवसाचं. सासूबाई दारात पदर खोचून उभ्या. आल्या आल्या पिल्लांना गुळाचं पाणी. ही पद्धतच आहे, प्रवासाचा शीण जातो आणि अंगात तरतरी येते. जुन्या काळी जावई आला की त्यालाही गूळपाणी द्यायचे, असं मी बोलून दाखवलं. कुणी ऐकलं नाही.

जमिनीवर तूस अंथरलेलं होतं. आमच्याकडं भात पिकत नाही, त्यामुळं हे तूस थेट गोंदियाकडून ट्रकनं येतं आणि भाताच्या दरात पडतं. तुसावर जुनी वर्तमानपत्रं पसरून त्यावर मक्याची भरड टाकायची, म्हणजे पिल्लू तूस खात नाही. पाच हजार चोची एकाच वेळी पेपरवर तुटून पडल्या. एवढ्या आवडीनं वर्तमानपत्र मी आमच्या शिक्षक कक्षातही वाचताना पाहिलेलं नाही. राजकारणाचं पान सगळ्यात आधी फाटलं.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात तेहतीस-चौतीस अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी ती उतरवत न्यायची. मेव्हण्यानं थर्मामीटर आणला होता. सासऱ्यांनी तो खिळ्याला टांगला आणि म्हणाले, "पाखरंच सांगतात." आणि ते खरंच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून घोळका केला तर थंडी वाजतेय. दिव्यापासून लांब पळून चोची उघडल्या तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वाऱ्याची झुळूक लागतेय. सगळीकडं सारखी पांगून खातपीत असतील तर तापमान बरोबर. इतक्या स्पष्टपणे आपल्या अडचणी सांगणारे पाहुणे मी पाहिले नाहीत. मी दुपारभर त्या पंखा नसलेल्या खोलीत चोच उघडी टाकून पडलो होतो, ते मात्र कुणाला कळलं नाही.

पिल्लांभोवती पत्र्याचं गोल कुंपण करतात. गोलच, कारण कोपरा दिसला की ती तिथं एकावर एक चढून गुदमरतात. आणि त्यांना रात्री थोडा वेळ मुद्दाम अंधारात ठेवायचं. नाहीतर सारखा उजेड बघून ती मोठी होतात आणि एखाद्या रात्री लाईट गेली की घाबरून ढीग करतात. कंपनीचा सुपरवायझर हे समजावून सांगत होता: "रोज एक तास अंधाराची सवय लावा." सासरे शांतपणे म्हणाले, "एक तास? आमच्याकडं ते सवय आपोआपच लागते साहेब."

कंपनी म्हणजे काय ते सांगतो. मेव्हणा आधी ओपनमध्ये होता, म्हणजे पिल्लं आपली, खाद्य आपलं, भाव बाजाराचा. मग 2020 सालचा फेब्रुवारी-मार्च आला. कोंबडीनं कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवरून सुटली आणि भाव असा कोसळला की राज्यात ठिकठिकाणी लोकांनी जिवंत कोंबड्या फुकट वाटल्या. त्याच्याही आधी, 2006 साली नवापुरात बर्ड फ्लू निघाला तेव्हाही महाराष्ट्रानं हे पाहिलं होतं. फरक एवढाच की तेव्हा रोग खरा होता. मेव्हणा फुकट कोंबडी घ्यायला लोकांच्या पाया पडत होता आणि लोक हात मागं घेत होते. माझ्याही घरी त्यानं चार पाठवल्या. त्याच वर्षी जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांमुळं, असं शास्त्रज्ञ म्हणाले. मेव्हणा म्हणाला, "वर्षच तसलं आहे."

त्यानंतर तो करारात गेला. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं आणि चढलेलं वजनही कंपनीचं. आपलं काय? शेड आपलं, लाईटबिल आपलं, तूस आपलं, रात्रीचं जागरण आपलं आणि शेवटी खाली उरणारं खत आपलं. सांभाळणावळ किलोमागं मिळते आणि ती एफसीआरवर ठरते.

या एफसीआरनं आमच्या घरातली शांतता घालवली. एक किलो वजन चढवायला किती किलो खाद्य लागलं, तो हा आकडा. दीड-पावणेदोनच्या मधे कुठंतरी असतो. 1.6 आला तर सुपरवायझर चहा घेतो, 1.8 आला तर पाणीसुद्धा उभ्यानं पितो. सासरे सातवी पास. पण दशांश अपूर्णांकात त्यांना आता तोड नाही. सकाळी उठले की खाद्याची पोती मोजणार, काट्यावर दहा-वीस पक्षी तोलणार आणि पाटीवर भागाकार करणार. अधिक महिन्याच्या त्या मुक्कामात, माझ्या ताटात चौथा धोंडा पडत असताना, त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली.

"जवाईबुवा, लग्नात वजन किती होतं तुमचं?"

"चौसष्ट किलो."

"आता?"

"चौसष्टच आहे."

सासऱ्यांनी पाटी घेतली. बराच वेळ ओठ हलवत आकडेमोड केली. मग पाटी खाली ठेवली.

"काय आला?" मेव्हण्यानं विचारलं.

"भागाकारच होत नाई. खाली शून्य येते."

"असा माल कंपनी उचलत नाही," मेव्हणा म्हणाला. माझी बायको हसली. ती त्या घरचीच आहे, हे मला मान्य आहे.

दुसऱ्या आठवड्यात गंबोरोची लस. ती पिण्याच्या पाण्यातून देतात आणि त्यात दुधाची भुकटी मिसळतात, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीननं लस मरत नाही. त्या सकाळी दुकानातली दुधाची सगळी पाकिटं शेडात गेली. मला कोरा चहा मिळाला. शिवाय दुपारच्या उन्हात कोंबड्यांना खाद्य द्यायचं नसतं, खाल्लं की अंगात उष्णता वाढते. त्यांना पहाटे आणि रात्री जेवण, दुपारी गार पाण्यात व्हिटॅमिन सी. हा नियम सासूबाईंना इतका पटला की त्यांनी तो जावयालाही लावला. फक्त व्हिटॅमिन सी विसरल्या.

शेडात शिरणं हा एक स्वतंत्र संस्कार आहे. दाराशी पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्याचा खड्डा. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही, म्हणजे बाहेरचा रोग आत येत नाही. वर पाटी: 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' गावातले लोक येतात, ती पाटी मोठ्यानं वाचतात, आणि आत येऊन विचारतात, "पाटी कायले लावली?" माझ्या बायकोच्या मावशी तर चपला हातात घेऊन त्या पाण्यातून अनवाणी गेल्या. तीर्थ समजून थोडं डोळ्यांना लावणार होत्या, मेव्हण्यानं हात धरला. माझे नवे सँडल पूर्वी तपकिरी होते.

आत गेल्यावर प्रत्येकजण काहीतरी सल्ला देतो. ज्यानं आयुष्यात एकही गावरान कोंबडी सांभाळलेली नाही तोही तूस मुठीत दाबतो. लाडू वळला तर तूस ओलं, वळूनही लगेच विसकटला तर ठीक, हे सगळ्यांना ठाऊक झालंय. ओलं तूस राहिलं तर अमोनिया सुटतो आणि माणसाच्याही डोळ्यांतून पाणी येतं. आमच्या गावात पूर्वी लोक लग्नात किंवा मयतीतच रडायचे. आता पोल्ट्रीत पाय टाकला की रडतात आणि बाहेर येऊन म्हणतात, "पंखे कमी पडून रायले तुमचे." मी या वाक्याला घाबरतो. कारण आमच्या घरात आता एकच पंखा उरलाय, देवघरातला.

सासरे माळकरी आहेत, हे सांगायचं राहिलं. गळ्यात तुळशीची माळ, दर प्रगटदिनाला शेगावला पायी जाणार. अंडंसुद्धा घरात आणू देत नाहीत. एका वारकऱ्यानं त्यांना सरळ विचारलं, "बुवा, माळ घालून कोंबड्या?"

"आपण खात नाई, वाढवतो."

"पण शेवटी..."

"शेवट कंपनीचा. आपल्या करारात नाई तो."

अध्यात्मात करारशेतीचा इतका सुटसुटीत उपयोग मी दुसरीकडं वाचलेला नाही.

अक्षय्य तृतीयेला मेव्हणा भेंडवळला जातो. तिथली घटमांडणी प्रसिद्ध आहे. घटाभोवती अठरा धान्यं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती कशी हलली ते पाहून वर्षाचा पाऊस, पिकं, देशाचा राजा, सगळ्याचं भाकीत होतं. कपाशीचं होतं, तुरीचं होतं, पण कोंबडीचं काहीच होत नाही. मेव्हणा दरवर्षी पहाटे गर्दीत उभा राहतो आणि दरवर्षी हिरमुसून परततो. आखाडीला भाव चढतो, श्रावणात पडतो आणि पोळ्याची कर आली की पुन्हा उडी मारतो, एवढं भाकीत मीही करू शकतो असं त्याला म्हटलं. तर म्हणाला, "ते सगळ्यांना माहीत आहे, भाऊजी. पण आमच्या पक्ष्यांना कंपनी नेमकी श्रावणातच वयात आणते."

पस्तीस-चाळीस दिवसांत पक्षी दोन-सव्वादोन किलोचे झाले की उचल. ती रात्रीच करतात, मंद दिव्यात, म्हणजे कोंबड्या बिचकत नाहीत. तीन-चार तास आधी खाद्य बंद. पोरं येतात, सराईतपणे पायाला धरून क्रेटमध्ये भरतात, काटा होतो, गाडी जाते. सासूबाई दारात उभ्या राहून गाडीचा मागचा दिवा दिसेनासा होईपर्यंत पाहतात. मी परत निघतो तेव्हा त्या स्वयंपाकघरातूनच "या परत" म्हणतात.

मग शेड रिकामं. तूस काढून शेतात, फरशी धुणं, जाळीला फ्लेम गननं शेकणं, चुना मारणं आणि पंधरा दिवसांची विश्रांती. शेडला. माणसांना नाही. त्या पंधरवड्यात सासऱ्यांना काय करावं सुचत नाही. रात्री दोनला उठतात, सवयीनं बॅटरी घेऊन रिकाम्या शेडात जातात आणि थर्मामीटर पाहून येतात.

आता मेव्हण्याच्या डोक्यात ईसी शेड आहे. म्हणजे चारी बाजूंनी बंद, एका टोकाला पाण्यानं भिजणारे कूलिंग पॅड, दुसऱ्या टोकाला भलेमोठे एक्झॉस्ट पंखे, आत वारा बोगद्यातल्यासारखा वाहणार, बाहेर पंचेचाळीस असले तरी आत पक्षी मजेत. तेवढ्याच जागेत जास्त कोंबड्या बसतात. मी विचारलं, लाईट गेली तर? म्हणाला, जनरेटर. जनरेटर बंद पडला तर? म्हणाला, भाऊजी, तुम्ही शिक्षक लोक फार प्रश्न विचारता.

कर्जाची फाईल बँकेत गेली आहे. दोन जामीनदार हवेत. एका जागेवर माझी सही बायकोनं घेतलीच आहे. दुसरी जागा रिकामी आहे. घाटाखाली कुणाची सासुरवाडी असेल, पगारपत्रक हाताशी असेल आणि काळजाला जोर असेल, त्यानं बुलढाण्याला मला येऊन भेटावं. शेड बघायला नेईन, पण येताना जुन्या चपला घालून या.